एचआरची डिग्री : खर्च किती, पदरात काय?

गेल्या काही महिन्यांत गटांच्या बैठकांत एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून आमच्याकडे आला. पोरगी बी.ए. झाली, आता म्हणते एचआर करायचं. हे एचआर म्हणजे नेमकं काय? त्याला पैसे किती लागतात? आणि सूरजागडच्या खाणीत किंवा कोनसरीच्या कारखान्यात त्यावर नोकरी लागते का? एका माउलीने तर सरळच विचारलं, "दोन एकर गहाण ठेवायची की नाही, तेवढं सांगा." आज याच विषयावर बोलू या.

आधी एचआर म्हणजे काय ते. पूर्ण नाव ह्यूमन रिसोर्स, मराठीत मनुष्यबळ. नाव मोठं आहे, पण काम आपल्या ओळखीचं आहे. रोजगार हमीच्या कामावर मस्टर कोण ठेवतं, हजेरी कोण लावतं, कुणाचे किती दिवस भरले ते कोण मोजतं? तेंदूच्या हंगामात फळीवर कुणाचे किती पुडे जमा झाले याची वही ग्रामसभेत कोण लिहितं? आणि मजुरी कमी आली म्हणून बाया चिडल्या की समजूत कुणी काढायची? कंपनीत ही सगळी कामं ज्या खात्याकडे असतात ते एचआर. माणसं भरती करणं, गेटपास देणं, हजेरी, पगारपत्रक, पीएफ, रजा, अपघात झाला तर कागदपत्रं, भांडणतंटा, तक्रारी. खालच्या पातळीवर याला टाइम ऑफिस म्हणतात. नवी मुलगी लागते ती बहुधा तिथेच, संगणकावर हजेरी भरायला.

हे खातं आलं कुठून, तेही थोडं सांगतो, कारण त्याचा आपल्याशी संबंध आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत पूर्वी कामगाराची भरती साहेब करत नसे. ते काम जॉबरकडे, म्हणजे मुकादमाकडे असे. नोकरी हवी तर त्याला पैसे द्या, टिकवायची तर पुन्हा द्या. १९३१ साली रॉयल कमिशन ऑन लेबरने आपल्या अहवालात सांगितलं की भरतीचं काम जॉबरच्या हातून काढा आणि त्यासाठी लेबर ऑफिसर नेमा. पुढे १९४८च्या कारखाने कायद्यात तरतूद आली की ५०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात वेलफेअर ऑफिसर, म्हणजे कामगार कल्याण अधिकारी, नेमलाच पाहिजे. खाणींसाठी १९५५च्या नियमांत तशीच अट आली. म्हणजे ही खुर्ची मुळात मुकादमाची मनमानी मोडायला तयार झाली. आज आपल्याकडे कंत्राटदाराच्या माणसाला 'काहीतरी' दिल्याशिवाय काम लागत नाही अशी कुजबुज ऐकू येते, तेव्हा ही गोष्ट नव्वद वर्षं जुनी आहे हे लक्षात ठेवलेलं बरं.

आता मुद्द्याचं. आमच्या मते सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. एचआरची डिग्री ही एकच एक चीज नाही. एक असते एमबीए, एचआर विषय घेऊन. दुसरी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी. तिसरी श्रमविज्ञान किंवा कामगार कल्याण या विषयाची पदवी किंवा पदविका. शहरात जाहिराती होतात त्या एमबीएच्या. फी जास्त तीही एमबीएचीच. पण कायद्याने जी खुर्ची भरावीच लागते, त्या वेलफेअर ऑफिसरच्या खुर्चीसाठी नियम काय मागतात? खाणीच्या नियमात लिहिलं आहे : विद्यापीठाची पदवी हवी, त्यावर सामाजिक शास्त्र, समाजकार्य किंवा कामगार कल्याण यातली मान्यताप्राप्त पदवी किंवा पदविका हवी, आणि जिल्ह्याची भाषा किंवा बहुसंख्य कामगारांना समजणारी भाषा यायला हवी. कारखान्यांसाठी राज्याच्या नियमांत कोणती पदवी चालते ते ठरवून दिलेलं असतं. एमबीए एचआर त्यात दर वेळी बसेलच असं नाही. म्हणजे चार लाखांचा कागद आणला आणि ज्या दाराला तो लावायचा त्याला लागलाच नाही, असं होऊ शकतं. प्रवेश घेण्याआधी कॉलेजला एकच प्रश्न लेखी विचारा : या पदवीवर कामगार कल्याण अधिकारी होता येतं का? उत्तर तोंडी मिळालं तर ते उत्तर धरू नका.

या नियमात अलीकडे एक बदल झाला, तोही मुलींच्या फायद्याचा. व्यवसाय सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती यांची २०२०ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाली. तिच्यात कारखाना आणि खाण दोन्हींसाठी वेलफेअर ऑफिसरची अट ५००वरून २५० कामगारांवर आली. म्हणजे मधल्या आकाराच्या कारखान्यांनाही आता हा माणूस ठेवावा लागेल. त्याशिवाय २०१३च्या लैंगिक छळविरोधी कायद्याने दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी, आणि तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाईच असावी लागते. समितीचं कागदपत्र बहुतेक ठिकाणी एचआरच सांभाळतं. खाणीवर, प्लांटवर बाया कामाला लागल्या की या कामाला बाईच लागते.

भाषेच्या अटीवर आम्हाला थोडं थांबायचं आहे. कागदावर मराठीनेही ती अट भागते. पण सूरजागडच्या डोंगराखालच्या गावांत घरात माडिया बोलतात हे तुम्हाला सांगायला नको. पुण्याहून आलेल्या एमबीएवाल्याला एट्टापल्ली तालुक्यातल्या मजुराची तक्रार दुभाष्याशिवाय कळत नाही. मजूर गप्प राहतो, साहेबाला वाटतं सगळं ठीक आहे. आपल्या पोरीला माडिया येते, मराठी येते, हिंदी येते, थोडी तेलुगूही समजते. ही तिची कमाई आहे आणि तिला फी लागलेली नाही. अर्जात 'भाषा' या रकान्यात पोरी 'मराठी, हिंदी, इंग्रजी' एवढंच लिहितात आणि माडिया सोडून देतात. का सोडता? ती पहिली लिहा.

शिकायचं कुठे? गोंडवाना विद्यापीठ २०११ साली गडचिरोलीत सुरू झालं. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतली कॉलेजं त्याच्याकडे आहेत. एमएसडब्ल्यूसाठी गडचिरोलीत फुले-आंबेडकर समाजकार्य महाविद्यालय आहे, चंद्रपूरकडेही समाजकार्याचं महाविद्यालय आहे. म्हणजे या पदवीसाठी जिल्हा सोडावाच लागतो असं नाही. मुंबईत परळला नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नावाची श्रमविज्ञान संस्था आहे, ती राज्य सरकारच्या कामगार विभागाची. हे लोखंडे म्हणजे सत्यशोधक, गिरणी कामगारांचे पुढारी. रविवारची जी सुट्टी आज आपण गृहीत धरतो, ती १८९० साली गिरणी कामगारांना मिळाली ती त्यांच्या लढ्यामुळे. आणि मुंबईतच टाटा समाजविज्ञान संस्था, १९३६ साली सुरू झालेली. तिथला एचआर आणि श्रमसंबंधांचा अभ्यासक्रम देशात नावाजलेला आहे, प्रवेश अवघड आहे. पण लागला तर त्या कागदाची किंमत वेगळी, हे मान्य करावं लागेल. घर सोडता येत नसेल, लेकरू लहान असेल, तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून किंवा इग्नूमधून घरी राहून एमबीए करता येतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली स्पष्ट केलं आहे की मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरायची.

आता हिशोबाची वही उघडू. खालचे आकडे आम्ही उदाहरणासाठी धरले आहेत, प्रत्येकीने आपल्या कॉलेजचे घालावेत.

समजा एका मुलीने नागपूर-पुण्याकडच्या खासगी कॉलेजात एमबीएला प्रवेश घेतला. फी, खोली, मेस, लॅपटॉप मिळून दोन वर्षांचे चार लाख, ते सगळे बँकेचं शैक्षणिक कर्ज, व्याज १० टक्के. बँक दरवर्षी दोन लाख देते. शिक्षणाची दोन वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो. बायांना वाटतं, तोवर व्याजही नसेल. व्याज चालूच असतं. पहिल्या दोन लाखांवर तीन वर्षांचे ६० हजार, दुसऱ्या दोन लाखांवर दोन वर्षांचे ४० हजार. हप्ता सुरू व्हायच्या दिवशी देणं पाच लाख झालेलं असतं. सात वर्षांत फेडायचं तर महिना साधारण ८,३०० रुपये, आणि शेवटी बँकेत जवळजवळ सात लाख जातात.

आता तिचा पहिला पगार समजा १८ हजार. पीएफचे १,८०० कापले, हातात आले १६,२००. बाईचा पगार २५ हजारांपर्यंत असेल तर महाराष्ट्रात व्यवसाय कर लागत नाही, तेवढी सूट आहे. हप्ता गेला, उरले ७,९००. यात खोलीभाडं, जेवण, फोन, दिवाळीला घरी यायचं बसभाडं. घरी पाठवायला काय राहिलं? पोरगी नोकरीला लागली म्हणून गाव आनंदात आणि पोरगी महिनाअखेर मैत्रिणीकडून उसने घेते, असं आमच्या पाहण्यात आहे.

दुसरी मुलगी गडचिरोलीत एमएसडब्ल्यू करते. आदिवासी विभागाच्या वसतिगृहात राहते, फी शिष्यवृत्तीतून. समजा पुस्तकं, क्षेत्रकार्याचं जाणं-येणं, परीक्षा, कपडालत्ता मिळून तिच्या घरातून वर्षाला २५ हजार गेले, दोन वर्षांत ५० हजार. तिचाही पहिला पगार समजा तेवढाच, १८ हजार. तिचे ५० हजार पहिल्याच वर्षात निघाले. आमचं म्हणणं एवढंच की फी चौपट दिली म्हणून पहिला पगार चौपट होत नाही. नामांकित संस्था असेल तर फरक पडतो. नाव कुणी ऐकलं नाही अशा खासगी कॉलेजात फरक पडतो तो फक्त कॉलेजच्या इमारतीत.

आणखी एक खर्च कुणी मोजत नाही. मुलगी दोन वर्षं शिकते तेव्हा ती कमावत नाही. आलापल्लीत एखाद्या दुकानात तिला महिना आठ हजार मिळाले असते तर दोन वर्षांचे एक लाख ९२ हजार झाले. मार्च-एप्रिलचा मोह, मेमधला तेंदू, त्या हातांची मजुरीही गेली. म्हणून शिकवू नका असं आम्ही म्हणत नाही. पण हा खर्च घरात उघडपणे बोलावा, नाहीतर पुढे टोमणा म्हणून निघतो.

कर्जाबद्दल. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागायचं नाही, असा बँकांचा ठरलेला नमुना आहे. आई किंवा वडील सहकर्जदार म्हणून सही करतात, बस. म्हणजे दोन एकरांचा प्रश्न इथेच मिटतो, जमीन मध्ये आणूच नका. शिवाय आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे गहाण ठेवायला जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, ती नसेल तर तो व्यवहारच कायद्यात बसत नाही. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि नॅक किंवा एनबीए मान्यता असलेल्या संस्थेत व्यावसायिक अभ्यासक्रम असेल, तर हप्ता नसलेल्या काळाचं व्याज केंद्र सरकार भरतं. वरच्या उदाहरणात ते एक लाख वाचले असते. बँकेत जाऊन 'व्याज अनुदान' हा शब्द उच्चारा, साहेब आपणहून सांगेल याची वाट पाहू नका. आणि गटाचं कर्ज फीसाठी उचलू नका. गटाचं व्याज शेकडा दोन रुपये महिना म्हणजे वर्षाला २४ टक्के. ते शेळीला, शिलाई मशीनला, किराणा दुकानाला परवडतं, कारण पैसा लवकर फिरून येतो. डिग्रीचा पैसा तीन वर्षांनी फिरायला लागतो. मायक्रोफायनान्सचं तर नावच नको.

शिष्यवृत्ती मिळते ती अशी. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलीला, घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, अर्ज महाडीबीटीवर. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर आदिवासी विभागाची पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजना : मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरात वर्षाला ६० हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार, राहण्या-जेवणासाठी थेट खात्यात. ओबीसी, मराठा आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलींना, उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, २०२४-२५पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे. अट मोठी आहे : प्रवेश सरकारच्या केंद्रीय फेरीतून झाला पाहिजे. एमबीएला त्यासाठी सीईटी द्यावी लागते. मॅनेजमेंट कोट्यातून, कुणा दलालामार्फत प्रवेश घेतला की ही माफी गेली. दलाल हे सांगत नाही. तीन महिन्यांत एचआर, नोकरीची हमी, असे फलक लावणारेही बसस्टँडवर दिसतात. तीन महिन्यांत पगारपत्रकाचं सॉफ्टवेअर शिकता येतं, तेवढ्यापुरते योग्य पैसे द्यायला हरकत नाही. त्याला डिग्री समजू नका.

आता नोकरीचं. सूरजागडच्या लोहखनिजाचा ३४८ हेक्टरचा पट्टा लॉइड्स मेटल्सकडे २००७ साली गेला. खणायला सुरुवात झाली २०१६मध्ये, त्याच डिसेंबरात माओवाद्यांनी गाड्या जाळल्या, काम थांबत-चालत राहिलं. २०२१पासून ते नेटाने सुरू झालं, २०२३मध्ये वर्षाला एक कोटी टनांची परवानगी मिळाली, चामोर्शी तालुक्यात कोनसरीला प्लांट उभा राहिला. माणसं लागतात हे खरं. पण या तारखा पुन्हा वाचा. पट्टा मिळण्यात आणि काम नीट चालण्यात चौदा वर्षं गेली. एका खाणीच्या भरवशावर सात वर्षांचा हप्ता बांधून घेणं धोक्याचं. ज्या पदवीवर चंद्रपूरच्या वीज केंद्रात, वेकोलिच्या कोळसा खाणीत, बल्लारपूरच्या कागद गिरणीत, गडचांदूरकडच्या सिमेंट कारखान्यातही अर्ज करता येतो, तीच पदवी घ्या. एमएसडब्ल्यूचा आणखी एक फायदा : कंपनीत नाही जमलं तर उमेद, माविम, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प, दवाखान्याचा समाजसेवा विभाग, स्वयंसेवी संस्था, ही दारंही त्याच कागदावर उघडतात.

आणि पहिली नोकरी कंपनीच्या पटावर नाही, कंत्राटदाराच्या पटावर मिळेल, याची तयारी ठेवा. नेमणूकपत्र मागा. त्यावर नाव कुणाचं आहे ते वाचा. पीएफचा यूएएन क्रमांक पहिल्या महिन्यात मिळाला का ते बघा. जी मुलगी उद्या दुसऱ्यांचा पीएफ भरणार, तिने स्वतःचा आधी तपासावा.

एक गोष्ट बोलायची राहिली. ती पैशाची नाही, पण खर्चाचीच आहे. सूरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेव आहे, दर जानेवारीला तिथे यात्रा भरते, आणि इलाख्यातल्या ग्रामसभांनी या खाणीला विरोधाचे ठराव केले आहेत. एकाच घरात एक भाऊ ग्रामसभेत बोलतो आणि दुसरा खाणीत डंपर चालवतो. अशा ठिकाणी एचआरच्या खुर्चीत बसलेली गावची पोरगी दोन्हीकडून ऐकते. कंपनी म्हणते, गावाला समजाव. गाव म्हणतं, तू कुणाची? आमच्यातही यावर एकमत नाही. काही जणी म्हणतात, परक्या माणसाने आपल्या मजुराची हजेरी कापण्यापेक्षा आपलीच मुलगी तिथे असलेली बरी. काही म्हणतात, तिला ढाल म्हणून वापरतील. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. नियमाप्रमाणे वेलफेअर ऑफिसरचं काम कामगारांची तक्रार वर पोचवायचं आणि सोयी बघायचं, कंपनीची जाहिरात करायचं नाही. ही रेघ मुलीला शिकताना कळली तर पुढे तिला बोलता येतं. म्हणून अभ्यासक्रमात कामगार कायदा किती शिकवतात आणि क्षेत्रकार्य कुठे करवतात, हे फीइतकंच विचारा. जिथे फक्त इंग्रजी बोलणं आणि मुलाखतीचा पोशाख शिकवतात तिथली पोरगी पहिल्याच भांडणात अडकते.

आता कागदपत्रं. जातीच्या दाखल्याची वैधता हातात नसेल तर राखीव जागा आणि फीची सवलत दोन्ही अडकतात. अनुसूचित जमातीची तपासणी समिती गडचिरोलीत आहे, पण निकालाला महिने लागतात. मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असेल तर अर्ज याच वर्षी करा. आजोबांच्या शाळेचा दाखला, जुना कोतवाल पंजी उतारा, सातबारा, जे सापडेल ते आत्ताच काढून ठेवा. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून, चालू वर्षाचा. बँक खात्याला आधार जोडलेलं असावं आणि खातं मुलीच्या नावाचं असावं, वडिलांच्या नाही. सीईटीचे फॉर्म साधारण हिवाळ्यात निघतात, म्हणजे तेंदूच्या किती आधी हे लक्षात घ्या. फॉर्मची फी भरायला मेमधल्या मजुरीची वाट पाहिली तर तारीख निघून गेलेली असते.